नवव्या पानाचं वजन

माझी आणि भाऊसाहेबांची ओळख भांडणानं झाली. म्हणजे भांडलो मी, ते नुसते उभे होते.

कॉलेजच्या ऑफिसात क्लार्क म्हणून लागून मला चौथा की पाचवा दिवस. प्राचार्यांनी सहा पानांची एक यादी विद्यापीठाला मेल करायला सांगितली होती. मी ती झकास रंगीत स्कॅन केली, आवक-जावकच्या टेबलाला पाठवून दिली आणि चहाला गेलो. परत येतो तर माझ्या खुर्चीमागं एक उंच, वाळका माणूस उभा. पांढरा हाफशर्ट, खिशाला दोन पेनं, चष्मा कपाळावर चढवलेला.

"कुणाचं लग्न आहे?" त्यांनी विचारलं.

"कुणाचं नाही. का?"

"अडतीस एमबी पाठवलेस. मला वाटलं अल्बम आहे."

आता मी पडलो नांदगावचा. आम्हाला कुणी सरळ विचारलं तरी आम्ही दोन वाक्यं जास्तीची ऐकवतो, आणि हा तर चक्क टोमणा होता. मी सुरू झालो. मशीन काय मी बनवलं नाही, इंटरनेट काय माझ्या मामाचं नाही, मेल जात नसेल तर त्यात माझा काय दोष, नवीन माणसाशी बोलायची ही कुठली पद्धत. बरंच बोललो. ते शांतपणे ऐकत राहिले. माझा दम संपल्यावर म्हणाले, "झालं? यातलं कामाचं किती होतं?" आणि आपल्या टेबलाशी जाऊन बसले. अर्ध्या तासानं तीच सहा पानं माझ्याकडे परत आली. चारशे केबी. माझ्या रंगीत पानांवर जे वाचता येत नव्हतं तेही यात वाचता येत होतं. मला इतका राग आला, की त्या दिवशी डबा तसाच घरी गेला.

आमच्याकडे कचेरीतल्या कुठल्याही कारकुनाला भाऊसाहेबच म्हणतात. तसे ऑफिसात आम्ही सहा भाऊसाहेब होतो. पण "भाऊसाहेबांना विचारा" असं कुणी म्हटलं की माणूस थेट खिडकीशेजारच्या टेबलाकडे जायचा, बाकीच्या पाचांकडे बघायचासुद्धा नाही. ते मात्र आम्हाला नावानं हाक मारत नसत, गावानं मारत. मी नांदगाव. समोरच्या टेबलावरच्या मॅडम मालेगाव. "नांदगाव, ती फाईल आण." दहाएक वर्षांत माझं नाव त्यांच्या तोंडून मी फक्त पगारपत्रकाच्या वेळी ऐकलं असेल.

ते स्वतः सटाण्याकडचे. नाशकात सगळी नोकरी काढून बोलणं शहराचं झालं होतं. पण एखादं काम अगदी मनासारखं उतरलं की घरची बोली बाहेर यायची. "बेस शे," म्हणायचे, म्हणजे छान आहे. बस, एवढंच. मोठमोठे प्रोफेसर या दोन शब्दांसाठी त्यांच्या टेबलापाशी घुटमळताना मी पाहिलेत. मला ते पहिल्यांदा मिळाले दोन वर्षांनी, आणि मी ते घरी जाऊन बायकोला सांगितले.

वजनाचं वेड त्यांना मेलनं लावलं नाही, टपालानं लावलं. कॉम्प्युटर यायच्या आधीपासून ते आवक-जावक सांभाळायचे. टेबलावर पितळी काटा असायचा. लिफाफा ठरलेल्या वजनात बसला नाही की ते आधी आतली यू-पिन काढून टाकत. तरी नाही बसला तर कागदाची कोरी कड कात्रीनं सरळ कापत. पुढं टपाल आटलं, सगळं मेलवर आलं. कॉम्प्युटर शिकवायला माणूस आला, तेव्हा सगळ्यांनी त्याला चालू कसा करायचा, बंद कसा करायचा असलं विचारलं. भाऊसाहेबांनी विचारलं, "याचं वजन कुठं दिसतं?" त्यानं केबी आणि एमबी दाखवले. ते पाहून त्यांचा जीव भांड्यात पडला, असं जुनी माणसं सांगायची. काटा मात्र त्यांनी टेबलावरून हलवला नाही. त्याच्या एका पारड्यात त्यांचा चष्म्याचा रुमाल असायचा.

लोकांना वाटतं, फाईल लहान करायची म्हणजे एक बटण दाबायचं. भाऊसाहेबांचं म्हणणं असं, की फाईल आधी कागदावर लहान होते. त्यांच्या कपाटात तीन वस्तू कुलपात असायच्या: एक मलमलचं फडकं, एक काळा पुठ्ठा आणि एक इस्त्री. इस्त्री पहिल्यांदा पाहिली तेव्हा मला वाटलं, प्राचार्यांचा शर्ट करतात की काय. तर नाही. ते एका मुलाचा आठ घड्यांचा दाखला सुती कापडाखाली ठेवून हलक्या हातानं इस्त्री फिरवत होते. "यंत्राला अक्कल नसते, नांदगाव," ते म्हणाले. "अक्षर काय आणि घडी काय, त्याला दोन्ही सारखंच. ते घडीही जपून ठेवतं. धूळही जपून ठेवतं. मग फाईल जड होणार नाही तर काय होईल?" मलमलीनं ते स्कॅनरची काच पुसत. पातळ कागदाच्या मागं काळा पुठ्ठा लावत, म्हणजे पाठीमागचं लिखाण पुढं उमटत नाही. नुसता टाइप केलेला मजकूर काळा-पांढरा. सही-शिक्का असेल तर करडा. रंग फक्त जिथं रंगाला काम आहे तिथंच. प्रत्येक पान वेगळं हाताळायचं. शंभर पानं असली तर शंभर वेळा.

फुकटच्या वेबसाइटवर फाईल चढवायची आणि लहान करून उतरवून घ्यायची, हे तर त्यांना पापच वाटे. "गंगेवर आंघोळीला गेलास, तर कपडे कुणाकडं ठेवशील? दिसेल त्या माणसाकडं?" ते विचारायचे. नाशकात गोदावरीला सगळे गंगाच म्हणतात, आणि तिथं कपडे कसे जातात हेही सगळ्यांना ठाऊक आहे. दुसरं त्यांचं कारण जास्त खरं होतं. "ती मशीन सगळ्या पानांना एकच माप लावते. काही पानं सोसतात. काही मरतात. कुठलं मेलं ते ती सांगत नाही."

म्हणून त्यांची शेवटची परीक्षा असायची. फाईल तयार झाली की आधी स्वतःलाच मेल करायचे. मग खिशातून आपला जुना, तळहाताएवढा फोन काढायचे, ज्याच्या काचेला तडा होता. चष्मा काढून ठेवायचे आणि हात लांब करून प्रत्येक पानावरचं सगळ्यात बारीक अक्षर वाचायचे. "ज्याला ही मिळणार, त्याच्याकडे आपल्यासारखा मोठा पडदा असेलच असं कुणी सांगितलं?" वाचता आलं तर मेल जायचा. नाही तर पान पुन्हा काचेवर. खाली प्राचार्य गाडीत बसून हॉर्न वाजवत असले तरी.

त्या प्राचार्यांचीच गोष्ट. कॉलेजचा वार्षिक अहवाल संस्थेच्या सगळ्या विश्वस्तांना मेलनं जायचा होता आणि जात नव्हता. पाठवला की परत. अहवाल होता चव्वेचाळीस पानांचा, आणि प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात प्राचार्यांचा शाल पांघरलेला फोटो. भाऊसाहेबांनी त्रेचाळीस फोटो काढून टाकले. अहवाल एका फटक्यात सगळ्यांना पोचला. प्राचार्यांनी केबिनमध्ये बोलावलं, दार लावलं, तरी आवाज बाहेर येत होता. कुणाला विचारून, काय समजता स्वतःला, वगैरे. शेवटी भाऊसाहेबांचा आवाज आला, "साहेब, एकदा बघितलं की लोक ओळखतात." दोन दिवस दोघं बोलत नव्हते. तिसऱ्या दिवशी दोन विश्वस्तांचे फोन आले, की अहवाल पहिल्यांदाच धड उघडता आला, छान झालाय. पुढच्या मीटिंगमध्ये प्राचार्यांनी ती आपली कल्पना म्हणून सांगितली. भाऊसाहेब मागच्या रांगेत बसून सुपारी कातरत होते.

पत्रांचंही तसंच. "उपरोक्त विषयास अनुसरून आपणास सविनय कळविण्यात येते की" एवढं लिहून मी नेलं की ते तेवढ्यावरच रेघ मारायचे आणि म्हणायचे, आता कळव. एका सरांची आई वारली तेव्हा मी पानभर शोकसंदेश लिहिला होता. त्यांनी चार ओळी ठेवल्या. म्हणाले, "पाचव्या ओळीपासून आपण आपल्याबद्दल बोलायला लागतो." मी हिरमुसलो. पण त्या सरांनी त्या चार ओळी पाकिटात घडी करून ठेवल्याचं मी स्वतः पाहिलंय.

सगळं चांगलंच सांगितलं तर ते म्हणतील, नांदगाव, भर घातलीस. म्हणून हेही सांगतो. माणूस जिभेचा कडू होता. मालेगावच्या मॅडमनी एकदा दोनशे विद्यार्थ्यांचे फॉर्म स्कॅन केले, निम्मे उलटे, निम्मे वाकडे. सगळ्या ऑफिसासमोर हे म्हणाले, "मॅडम, हे तुम्ही केलंत की मांजरीनं?" बाई रडत घरी गेल्या. दुसऱ्या दिवशी शिपायानं सांगितलं, की भाऊसाहेब आठ वाजता येऊन बसलेत. मॅडम आल्या तेव्हा दोनशेच्या दोनशे फॉर्म सरळ, स्वच्छ, मुलांच्या नावासकट त्यांच्या कॉम्प्युटरवर ठेवलेले होते. तोंडानं मात्र चकार शब्द नाही. माफी मागणं त्यांना जमायचंच नाही. मॅडम आजही म्हणतात, "एक शब्द बोलले असते, तर काय बिघडलं असतं हो?" त्यांचं बरोबरच आहे.

निवृत्त झाले तेव्हा कॉलेजनं त्यांना चांदीचं काहीतरी द्यायचं ठरवलं. त्यांनी अर्ज दिला, दोन ओळींचा: चांदी नको, भंगारात काढलेला जुना स्कॅनर मिळावा. लोक हसले. प्राचार्यांनी मंजुरी दिली, आणि ते रिक्षात मांडीवर स्कॅनर घेऊन हिरावाडीतल्या आपल्या घरी गेले.

त्याला वर्ष झालं असेल. माझ्या मुलीचा मेडिकलला नंबर लागला. आमच्या अख्ख्या भावकीत डॉक्टरकीला निघालेली पहिली पोरगी. आता राखीव जागेवर नंबर लागला, की जातपडताळणीचं प्रमाणपत्र मुदतीत हजर करावं लागतं. नाही केलं तर जागा जाते. आणि त्या प्रमाणपत्राला जुन्या पिढीचा पुरावा लागतो. आमच्याकडे जुना म्हणावा असा कागद एकच होता: माझ्या आजोबांच्या शाळेच्या रजिस्टरचा उतारा. माझ्या वडिलांनी तरुणपणी मुख्याध्यापकांच्या हातून लिहून घेतलेला. मूळ रजिस्टर पुढं वाळवीनं खाल्लं. म्हणजे आजोबा कधीकाळी शाळेत गेले होते आणि त्यांची जात तिथं काय लिहिली होती, हे सांगणारा जगात तेवढा एकच कागद उरला होता.

सगळे कागद मिळून एकतीस पानं झाली. एकच पीडीएफ, दोन एमबीच्या आत हवी. माझी झाली होती चाळीस एमबीची. भाऊसाहेबांच्या शेजारी इतकी वर्षं काढलेला मी, पण ऑफिसात परीक्षेचे फॉर्म चालू होते, मान वर करायला सवड नव्हती, आणि आता बघायला कोण बसलंय, म्हणून मी ती एका फुकटच्या वेबसाइटवर चढवली. बटण दाबलं. झाली दीड एमबी. पहिली दोन पानं उघडून पाहिली, बरी होती. पाठवून दिली. नवव्या पानापर्यंत मी गेलोच नाही.

पडताळणी समितीचा मेल आला तो मी एका शुक्रवारी सकाळी अकराला पाहिला. पान क्रमांक नऊ वाचनीय नाही, सुस्पष्ट प्रतीसह संपूर्ण संच पुन्हा सादर करावा. मुदत त्याच दिवशी संध्याकाळी पाच. सोमवारी मुलीच्या प्रवेशाचा शेवटचा दिवस. मी नववं पान उघडलं. कागदाच्या जागी एक मळका ढग होता. पोरीला गाडीवर मागं बसवलं, फाईल तिच्या मांडीवर दिली आणि हिरावाडी गाठली.

भाऊसाहेब ओसरीवर शेंगा निवडत होते. मी उभ्या उभ्या सांगायला लागलो, नंबर कसा लागला, समिती कशी, मेल कसा.

"वजन कमी कर," ते म्हणाले. "काय झालं तेवढं सांग."

"नववं पान गेलं."

"कशानं?"

खोटं बोलायची सोय नव्हती. "वेबसाइटवर टाकली."

त्यांनी कपाळावरचा चष्मा नाकावर घेतला आणि हात पुढं केला. "मूळ कागद."

त्यांनी तो उजेडात धरला. आठ घड्या. शाई उडून चहाच्या डागासारखी झालेली. खालच्या कोपऱ्यात गोल शिक्का, पण बिनशाईचा, नुसता कागदातून उठवलेला. बोटाला लागायचा, डोळ्याला दिसायचा नाही. मग त्यांनी कागद उलटा केला. पाठीमागं माझ्या वडिलांनी निळ्या बॉलपेननं, दोनदा गिरवून, ठळक लिहून ठेवलं होतं: महत्त्वाचे. जपून ठेवणे. ते गिरवणं पुढच्या बाजूला उमटलं होतं, आणि उमटलं होतं नेमकं आजोबांच्या नोंदीवर.

"वडिलांचं अक्षर?"

"हो."

"चांगलं आहे. जोर जास्त दिला," ते म्हणाले, आणि आत गेले.

इस्त्री या कागदाला सोसणार नव्हती. त्यांनी तो दोन कोऱ्या पुठ्ठ्यांत घालून काकूंच्या, म्हणजे त्यांच्या पत्नीच्या, पाट्याखाली ठेवला. एक तास. मी म्हटलं, भाऊसाहेब, बारा वाजलेत. ते म्हणाले, मला दिसतंय. काकूंनी आम्हाला जेवायला बसवलं. मी ताटावरूनही घड्याळाकडेच बघत होतो. काकू पोरीला म्हणाल्या, "तुझ्या बाबांना सांग, घाबरू नका. ह्यांना काढून टाकायची फार हौस, पण ठेवायचं ते ठेवतात हो. आमच्या लग्नाचे एवढे फोटो होते, त्यातले अकराच ठेवलेत. माझी आई मात्र अकराही फोटोंत आहे."

दीड वाजता त्यांनी बाकीची तीस पानं घेतली. एकेक. काच पुसायची, पान ठेवायचं, कड सरळ करायची, बघायचं, पुढचं. मधे पाणीसुद्धा प्यायले नाहीत. तीनच्या सुमारास मागच्या खोलीच्या पश्चिमेच्या खिडकीतून ऊन आत आलं, तसे ते उठले. म्हणाले, हा कागद काचेवर नाही ठेवायचा. खिडकीच्या कट्ट्यावर काळा पुठ्ठा, त्यावर आजोबांचा कागद. वडिलांचं निळं लिखाण मागच्या मागं बुडालं. पोरीचा फोन चांगला होता, तो तिच्याच हातात दिला. "हात हलवू नको. ऊन तिरपं पडलं की शिक्का उठतो. मी सांगेन तेव्हा." बराच वेळ तसेच थांबले दोघं. मग म्हणाले, "आता." आणि मी बघितलं, इतकी वर्षं आमच्या घरात असलेला तो शिक्का मला पहिल्यांदा दिसला.

चार वाजून वीस मिनिटं. सगळी पानं एकत्र केली. सव्वादोन एमबी.

मी म्हटलं, "नववं थोडं कमी करू. एकट्यानंच एवढं खाल्लंय."

त्यांनी माझ्याकडे जे बघितलं, ते मी विसरणार नाही. "त्याला हात लावायचा नाही."

मग ते इकडंतिकडं शोधायला लागले. माझं प्रतिज्ञापत्र ज्या स्टॅम्पपेपरवर होतं, त्याची वरची सगळी नक्षी रंगीत आली होती. ती करडी केली. कोऱ्या कडा कापल्या. अर्जावरचा माझा रंगीत फोटो काळा-पांढरा केला. "तू दिसलास काय आणि नाही काय," म्हणाले. "आज आजोबा दिसले पाहिजेत." एक पूर्णांक सत्त्याण्णव.

चार पस्तीस. मी मेल उघडून तयार बसलो होतो. त्यांनी आधी स्वतःला पाठवली आणि तो तडा गेलेला फोन खिशातून काढला. "भाऊसाहेब, वेळ नाही," मी म्हणालो. ते म्हणाले, "आहे." आणि फोन माझ्या मुलीच्या हातात दिला. "नववं पान. मोठ्यानं वाच."

ती वाचायला लागली. आजोबांचं नाव. त्यांच्या वडिलांचं नाव. गाव. जातीच्या रकान्यात जे हवं होतं ते, स्पष्ट. जन्म. शाळेत घातल्याची तारीख. इयत्ता दुसरी. वर्तन चांगले. एवढं तर आम्हाला निदान ऐकून तरी ठाऊक होतं. मग ती थांबली. बॉलपेनच्या अक्षरांखाली जी ओळ झाकली गेली होती, ती आमच्या घरात कुणी कधीच वाचलेली नव्हती.

"शाळा सोडण्याचे कारण," ती म्हणाली. "मजुरीस जातो."

दुसरीतलं पोर. माझ्या डोळ्यांना धार लागली, आणि मला त्याची लाजही वाटली नाही. पोरगी फोन हातात धरून तशीच उभी. काकू दारात पदर तोंडाला लावून. भाऊसाहेबांनी चष्मा काढला, मलमलीनं पुसला, पुन्हा घातला.

"वाचता आलं ना?" ते म्हणाले. "पाठव."

चार वाजून त्रेचाळीस मिनिटांनी मेल गेला. मग मला सुचलं म्हणून विचारलं, की नवव्या पानाचं वजन किती झालं. ते म्हणाले, एक एमबीवर. बाकी तिसांचं मिळून उरलेलं.

"अर्ध्याच्या वर त्या एकाचंच?"

"मग? बाकीची सगळी पानं त्याच्या मागून आली," ते म्हणाले, आणि शेंगांचं सूप पुन्हा पुढ्यात ओढलं. 'बेस शे' म्हणाले नाहीत. मी वाट पाहिली थोडी.

सोमवारी सकाळी प्रमाणपत्र आलं. दुपारी प्रवेश झाला. मी पेढे घेऊन गेलो, त्यांनी अर्धाच घेतला.

मुलगी धुळ्याला शिकायला गेली. पहिल्या दिवशी पांढरा कोट घातला, मैत्रिणीकडून फोटो काढून घेतला आणि आम्हाला पाठवला. भाऊसाहेबांना मात्र तिनं वेगळा, रीतसर मेल केला. फोटो स्वतः लहान केला, कडा कापल्या, फाईलला नाव-तारीख घातली. नव्वद केबी. त्यांचा फोन ठाऊक होता ना तिला.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात मला फोन. निवृत्त झाल्यापासून त्यांनी आपणहून केलेला हा पहिलाच.

"नांदगाव, पोरीचा फोटो आला."

"बरा आहे ना? तुमच्याच पद्धतीनं केला तिनं."

"तेच. कोटाच्या खिशावर नाव शिवलंय, ते वाचता येत नाही. मूळ पाठवायला सांग."

"भाऊसाहेब, मूळ नऊ एमबीचा आहे. तुमच्या फोनमध्ये मावायचा नाही तो."

"मावेल," ते म्हणाले. "मी जागा केली आहे."

मी तिला सांगितलं, तिनं मूळ फोटो पाठवला, जसा होता तसा. दुपारी तिला उत्तर आलं, मलाही त्याची प्रत. विषयाच्या जागी काही नाही. खाली सही नाही. आत दोनच शब्द होते.

बेस शे.